मयताचं नाव आधी कमी करा

आमच्या घरातल्या यंत्राची मालकीण मी नाही, हे मला कळलं तेव्हा मी ज्वारी निवडत होते. सूप तसंच मांडीवर राहिलं. पण ते पुढं. आधी यंत्राचं सांगते.

यंत्र म्हणजे लॅपटॉप. माझ्या अजिनाथनं घेतलेला. अजिनाथ दोन वर्षांपूर्वी गेला. त्याबद्दल मी कुणाशी बोलत नाही आणि इथंही बोलणार नाही. आता तो लॅपटॉप माझी सून पंकजा वापरते. सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी ती लोखंडी भागांचे नकाशे काढते. कारखाना तिकडं पुण्याच्या रस्त्यावर, आमचं गाव इकडं कर्जत तालुक्यात, मधे एसटी बदलता बदलता दिवस मावळावा एवढी वाट. पण नकाशे हवेतून जातात म्हणे. जाऊ देत बापडे.

हे काम घरात आहे म्हणून पंकजा घरात आहे, एवढं मला कळतं. तिचा भाऊ गहिनीनाथ दर सणाला जीप घेऊन येतो आणि चहाची वाट न बघता विचारतो, "ताई, यायचं का?" ती म्हणते, "काम आहे रे." 'आई एकट्या आहेत रे' असं ती कधी म्हणाली नाही. तिनं म्हणावं असंही काही नाही. मी काय लहान बाळ आहे? मी आपली तिच्या टेबलाकडं पंखा सरकवते, लाईट गेली की वीजमंडळाला शिव्या देते, आणि ती काम करत असली की घरात कुणाला मोठ्यानं बोलू देत नाही. घरात तशी मीच असते. म्हणजे मी मलाच गप्प बसवते.

तर मे महिन्याच्या शेवटाला त्या यंत्रावर एक पाटी उमटायला लागली. मी तिसरीपर्यंत शिकलेली, तीही दुष्काळात शाळा बंद पडली म्हणून तिसरी. इंग्रजी मला येत नाही. पण पिवळ्या रंगात उद्गारचिन्ह असलं की काहीतरी वाईट आहे, एवढं कुठल्याही भाषेत कळतं.

"आई, काही नाही हो," पंकजा म्हणाली. "यंत्र सुरू होताना आधी एक सही तपासतं. ओळखीच्या सहीचं असेल तेच आत घेतं. त्या जुन्या सहीची मुदत जूनमध्ये संपतेय. नवी आपोआप येईल."

आपोआप या शब्दावर माझा विश्वास नाही. आमच्या शिवारात आपोआप फक्त काँग्रेस गवत येतं. आणि मुदत संपली म्हणजे काय? यंत्र बंद पडलं तर? काम बंद पडलं तर? जीप तर काय, गहिनीनाथ बोलावण्याचीच वाट बघत असतो. पण हे मी बोलले नाही. मी फक्त म्हटलं, "भाकरी थंड होतीय, जेव."

दुसऱ्या दिवशी पंकजा बँकेच्या कामाला कर्जतला गेली. जाताना यंत्र चालूच ठेवून गेली, काहीतरी उतरवून घेत होती म्हणे. संध्याकाळी येऊन तिला एक नकाशा पाठवायचा होता. तो आज गेला नाही तर कारखान्याचा साहेब म्हणणार होता, घरून जमत नसेल तर इथं येऊन बसा. तसं त्यानं आधीच एकदा ऐकवलं होतं. मी कान दिले नव्हते, पण घर लहान आहे.

मी पुतण्याला बोलावलं. कानिफनाथचं गावात मोबाईलचं दुकान आहे. बाहेर पाटी आहे, 'सर्व संगणक कामे खात्रीशीर'. खात्री कुणाची ते लिहिलेलं नाही.

"मोठ्याआई, ह्ये तर किरकोळ काम हाय," असं म्हणून तो खुर्चीवर बसला. कानिफनाथ ज्या कामाला किरकोळ म्हणतो त्या कामाला पुढं जेसीबी लागतो, हा माझा अनुभव आहे. त्यानं पडद्यावर एक काळी खिडकी उघडली आणि टकटक करून काहीतरी विचारलं. खिडकीनं भराभरा ओळी ओकल्या.

"बघा. ह्ये यंत्राच्या पोटातल्या पाटीवर कोरल्यालं दप्तर. आपन वापरतो त्यो कारभार येगळा, ह्ये त्याच्याबी खालचं. यंत्र जागं व्हायच्या आधी ह्ये दप्तर जागं असतं. वरचा कारभार आपल्याला त्यातलं निस्तं दाखवतो."

"काय लिव्हलंय?"

"चार पानं हायेत. पयल्या पानावर मालकाची किल्ली. दुसऱ्यावर कारभाऱ्याची. तिसऱ्यावर, कुनाला आत घ्यायचं त्यांची नावं. चौथ्यावर, कुनाला उंबऱ्यातूनच हाकलायचं त्यांची."

मला हे फार पटलं. असंच घर चालतं. माझ्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा आहे. तो माझ्या सासूनं मला तिच्या शेवटच्या आजारात दिला, तोही दोनदा मोजून. माझ्या खालोखाल पंकजा. आत घेण्यातली माणसं चार-दोन आणि हाकलायची म्हणाल तर अर्धी भावकी.

"चौथं पान लई लांबलचक हाय," कानिफनाथ म्हणाला.

"असनारच," मी म्हटलं. "शहाणं दिसतंय यंत्र. मालकाच्या पानावर कुनाचं नाव हाय? अजिनाथचं का पंकजाचं?"

"न्हाई मोठ्याआई. ज्या कंपनीनं बनवलं तिचं."

ज्वारी निवडत होते ती हीच वेळ. सूप मांडीवर राहिलं. घर माझं, टेबल माझं, वीजबिल माझ्या नावावर, पावसाळ्यात गळक्या पत्र्याखालून त्याला बाजूला सरकवणारी मी. आणि मालक कोण, तर समुद्रापलीकडची कंपनी! बरं, कारभाऱ्याच्या पानावर कोण? तर दुसरीच परकी कंपनी. आत घ्यायच्या पानावरही त्यांचीच माणसं. आमच्या घरातल्या दप्तरात आमच्यातलं एकही नाव नाही. मी विचारलं, "आपन मंग कोन?"

कानिफनाथनं जरा विचार केला. "आपन वापरनारं."

"म्हंजी भाडेकरू."

"तसंच म्हना."

आजवर माझा असा अपमान सख्ख्या दिरानंही केला नव्हता, आणि त्यानं बरेच केले.

"ती मुदत संपनारी सही कुठं हाय?"

"ही काय, तिसऱ्या पानावर. दोन हजार अकराची."

"मंग तिथं नवी लाव."

त्यानं प्रयत्न केला. खिडकीनं लाल अक्षरात नकार दिला. "ह्या खिडकीतनं बघता येतं, हात घालता येत न्हाई," तो म्हणाला. "कारभाऱ्याची सही असल्याबिगर दप्तर कुनाला खाडाखोड करू देत न्हाई." म्हणजे तलाठी कार्यालयासारखंच. दाखवतात सगळं, काचेपलीकडून.

तलाठ्याचं नाव मनात आलं आणि ओट्यावरून सूर्यभानचं खाकरणं ऐकू आलं. सूर्यभान आमच्या गावचा जुना कोतवाल. तलाठ्याच्या मागं दप्तर वाहून वाहून त्याला कायदा पाठ झाला आहे, निदान त्याचं तसं म्हणणं आहे. आमच्या ओट्याला सावली चांगली, म्हणून तो रोज तिथं असतो, आणि रोज जाताना मला एकच सांगून जातो: "वयनी, सातबाऱ्यावरनं अजिनाथचं नाव कमी करून घ्या. मयताचं नाव ठिवू नये. ते निघाल्याबिगर पंकजाबाईचं लागत न्हाई." आणि रोज मी त्याच्यापुढं चहा ठेवते आणि आत जाते. वावर अजिनाथच्या नावावर आहे. राहू दे. उभं पीक काही सातबारा वाचून वाढत नाही.

पण आज त्यानं अजिनाथचं नाव काढलं नाही. त्यानं ओट्याकडच्या खिडकीतून डोकं आत घातलं आणि म्हणाला, "वयनी, ह्यो तर सरळ फेरफाराचा मामला हाय. जुनी सही मुदत संपून मयत व्हनार. नवी तिची वारस. आता वारस कधी लागतो? मयताचं नाव आधी कमी केल्यावर. जुनं वर बसलेलं असताना नवं कसं चढंल?"

ऐकायला इतकं सरळ होतं की मी आणि कानिफनाथ दोघांनीही माना डोलावल्या. पुढं महिनाभर मी या माना डोलावण्याचा विचार केला आहे. शिकलेलं माणूस असतं तर म्हणालं असतं, यंत्राला सातबारा लागू होत नाही. पण आम्ही तिघंही ज्या जमिनीवर वाढलो, तिथं सगळ्याला सातबारा लागू होतो. आणि मला, खरं सांगते, बरंही वाटलं. परक्यांची नावं कमी करायला माझा हात अडत नाही.

"कमी कर," मी म्हटलं.

पडद्यावरच्या काळ्या खिडकीतून हात जात नव्हता, तर कानिफनाथनं मागचं दार काढलं. यंत्र बंद केलं, चालू करता करता एक बटण दाबून धरलं, आणि एक निळा पडदा आला. "इथं आपन सोता दप्तरात बसतो," तो म्हणाला. "इथं सही मागत न्हाईत. यंत्रापुढं बसलाय त्योच मालक." मालक शब्द ऐकून मी पदर सावरला. त्यानं तिसरं पान उघडलं, जुनं नाव शोधलं आणि विचारलं, "करू?" सूर्यभान म्हणाला, "करा." मी म्हटलं, "कर."

नाव गेलं. कानिफनाथचा बेत असा होता की आता यंत्र चालू करायचं, मग नवी सही हवेतून येऊन रिकाम्या जागी बसेल. त्यानं चालू केलं. पडद्यावर लाल चौकट आली.

"काय म्हनतंय?"

"म्हनतंय, दारात कोन आलंय ते वळखीचं न्हाई."

"कोन आलंय?"

"त्याचा सोताचाच कारभार," कानिफनाथ म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज बारीक झाला.

झालं होतं असं. त्या यंत्रात जो काही कारभार चालत होता, त्याच्या अंगावर जुनीच सही होती. जुनी ओळख पुसली, तर दारानं घरधन्यालाच आत घेतलं नाही. नवं नाव आणायचं तर यंत्र चालू पाहिजे. यंत्र चालू व्हायचं तर जुनं नाव पाहिजे. असला पेच मी फक्त सरकारी कचेरीत बघितला होता, जिथं दाखल्यासाठी रेशनकार्ड लागतं आणि रेशनकार्डासाठी दाखला. पण तिथं निदान शिव्या द्यायला समोर माणूस असतो.

सूर्यभान म्हणाला, "अपील करता यील," आणि चप्पल शोधायला लागला.

तेवढ्यात शेजारची छबूबाई ताक मागायला आली. लॅपटॉपपुढं तीन माणसं मान खाली घालून बसलेली बघून तिला वाटलं, कुणी गेलं. सगळं ऐकल्यावर म्हणाली, "नजर लागलीय, दुसरं काय. एकटी बाई कमावती म्हनल्यावर लागनारच. मीठ ववाळ."

मी नजर मानत नाही. पण त्या वेळी कुणी यंत्राला डोहाळजेवण कर म्हटलं असतं तरी मी केलं असतं. मी खडेमीठ ओवाळलं. दोन खडे बटणांच्या फटीत गेले. अजून एक बटण दाबलं की करकर वाजतं.

मग कानिफनाथला घाम फुटला आणि घामाबरोबर एक युक्ती सुचली. निळ्या पडद्यावर 'कारखान्यातून आलं तसं करा' अशी एक ओळ होती. त्यानं ती दाबली. दप्तर पहिल्यासारखं झालं, जुनं नाव परत आलं, यंत्र सुरू झालं! छबूबाईनं मला टाळी दिली. मिठाचा गुण म्हणाली.

पण आत गेल्यावर दुसरं दार. निळ्या पडद्यावर यंत्र एक लांबच्या लांब आकडा मागत होतं.

आणि पंकजा उंबऱ्यात उभी होती.

ती ओरडली नाही. ती कधीच ओरडत नाही, हाच तिचा मोठा दोष आहे. ओरडली असती तर मी दुप्पट ओरडले असते आणि घर मोकळं झालं असतं. तिनं पिशवी खाली ठेवली, सगळं ऐकलं, आणि हळू म्हणाली, "ह्यांनी यंत्र घेतलं तेव्हाच आतल्या सगळ्या सामानाला कुलूप लावलं होतं. ते कुलूप दप्तर बघून उघडतं. दप्तर काल होतं तसंच आज असलं, तर आपण होऊन उघडतं. तुम्ही कारखान्यातलं दप्तर परत आणलंत, पण मधल्या वर्षांत हाकलायची यादी कितीतरी वाढली होती. ती गेली. आता कुलपाला वाटतंय, यंत्र कुणीतरी चोरलंय."

"मंग आकडा घाल."

"आकडा ह्यांच्या खात्यात आहे, आई."

मदतीच्या नंबरवर मी स्वतः फोन लावला. बाई गोड बोलत होती. "ज्यांच्या नावावर खातं आहे त्यांना फोन द्या, मॅडम."

"त्यो न्हाई."

"कधीपर्यंत येतील?"

खोलीत सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, "यायचा न्हाई."

"ठीक आहे मॅडम, ते आले की फोन करायला सांगा. आणखी काही मदत करू शकते का?"

मी फोन ठेवला. मी आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. पण त्या पोरीचं ऐकून घेतलं.

पंकजानं आपल्या मोबाईलवर काही केलं आणि थांबली. "खातं उघडायला एक आकडा पाठवतात. ह्यांच्याच मोबाईलवर. तो काही माझ्याजवळ नाही."

कानिफनाथनं माझ्याकडं बघितलं. मग जमिनीकडं बघितलं. त्याच्या पाटीवरच्या खात्रीबद्दल मी वाईट बोलले आहे, पण त्या क्षणी त्यानं तोंडातून एक शब्द काढला नाही, हे इथं लिहून ठेवते.

पंकजा आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बॅगेची चेन. बाहेर येऊन ती म्हणाली, "साहेबांना सांगते, मीच येते तिकडं. आणि दादाला फोन करते. सुप्याला खोली मिळेपर्यंत माहेरी राहीन." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं.

मी उठले. कमरेचा जुडगा काढला, माझी पत्र्याची पेटी उघडली, आणि अजिनाथच्या निळ्या शर्टात गुंडाळलेला मोबाईल आणून टेबलावर ठेवला.

"चालू हाय," मी म्हटलं.

पंकजा त्या निळ्या शर्टाकडं बघतच राहिली. "पेटीत होता?"

"दर रविवारी चार्जिंगला लावती. ह्यो कानिफनाथ रिचार्ज टाकतो. बंद पडला की नंबर दुसऱ्याला देत्यात म्हनं. माझ्या पोराचा फोन कुना परक्यानं का उचलावा?" आणि मग, तिनं काही विचारलं नसताना, मी म्हटलं, "कुनी इचारलं न्हाई, म्हनून सांगितलं न्हाई."

मी बटण दाबलं. मोबाईल उजळला आणि टिंग टिंग वाजायला लागला. तो दर रविवारी असाच वाजतो. मला वाटायचं रिचार्जवाल्यांच्या जाहिराती, इंग्रजी अक्षरात असतात. पंकजा पडद्यावर वाकली. पडद्यावर ओळीनं एकच नाव होतं. मला इंग्रजी येत नाही, पण तिच्या चेहऱ्यावरून वाचता आलं.

"तू पाठवत हुतीस?"

तिनं मान हलवली. "आज काय भाजी केली, पाऊस आला का. असंच. पाठवलं की एक खूण यायची. रविवारी दुसरी खूण यायची. म्हणजे पोचलं."

"मंग इचारलं का न्हाईस मला?"

"विचारलं असतं तर तुम्ही बंद केला असतात."

केला असता. खोटं कशाला बोलू? छबूबाईनं डोळ्याला पदर लावला. मी तिला म्हटलं, ताक न्यायचं तर ने, नाहीतर आंबट होईल.

आकडा आला. पंकजानं तो इकडं घातला, तिकडून लांबलचक आकडा निघाला, तो यंत्रात घातला, कुलूप निघालं. नवी सही पुढं काही दिवसांत आपोआप आली. जुनी वरच होती, तरी नवी तिच्या शेजारी गपचूप येऊन बसली. दोघींना जागा होती. सूर्यभानला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "कंपनीचा कायदा येगळा असंल."

नकाशा मात्र त्या संध्याकाळी गेला नाही, कारण कुलूप निघेपर्यंत रात्र झाली होती. साहेबानं ऐकवायचं ते ऐकवलं. आता पंकजा सोमवारी पहाटेच्या एसटीनं सुप्याला जाते आणि शुक्रवारी येते. गहिनीनाथ जीप घेऊन आला होता. तिनं त्याला सांगितलं, "खोली घेतलीय रे, पण घर हेच आहे." मी चुलीपाशी होते. मी ऐकलं नाही. चार दिवस पंखा रिकाम्या टेबलाकडं तोंड करून उभा असतो आणि मी मलाच गप्प बसवत असते.

त्या मोबाईलवर आता ती लिहीत नाही, बोलून पाठवते, कारण वाचणारीला ती इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत हे तिला कळलंय. मी रोज चार्जिंगला लावते. रविवारी तर ती घरीच असते.

मागच्या आठवड्यात मी सूर्यभानला घेऊन तलाठ्याकडं गेले. कमरेला जुडगा जरा हलका होता. कोठीची किल्ली सुप्याला गेली आहे. तिथं तिचा काही उपयोग नाही, पण असू दे. तलाठी नवा, कोवळा. त्यानं यंत्रावर आमचा सातबारा उघडला. अजिनाथचं नाव वर होतं.

मी म्हटलं, "आदी माझ्या सुनंचं चढवा. ते नीट बसलं का बघा. मंग वरच्याचं बोलू."

"तसं होत नाही आजी," तो म्हणाला. "एकाच फेरफारात दोन्ही होतं. हे नाव गेलं की ते आलं."

"मधे किती येळ जातो?"

"मधे वेळच नाही. एकदम."

मी पडद्याकडं बघितलं. ते नाव मला वाचता येतं. मराठीत आहे.

"मंग दाबा," मी म्हटलं. "पन जरा सावकाश दाबा."

तलाठी हसला. सूर्यभाननं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.